वायर संपेपर्यंत

सोसायटीच्या जुन्या गोदामात आमचं स्टेशन.
भिंतींना पोती लावलीत, आत तणस कोंबलेली,
आवाज घुमू नये म्हणून.
घुमत नाही.
पण तणशीत उंदीर आहेत, आणि सुषमा
बाजारभाव वाचता वाचता थांबते
तो स्वल्पविराम नसतो.

पंधरा किलोमीटर. एवढंच आमचं आभाळ.
पिंपळटोल्याच्या वळणावर एसटी गेली
की कंडक्टरच्या मोबाइलात आम्ही
अर्ध्या शब्दावर खरखरतो.

बुधवारी माहितीपट.
या वेळी डोंग्यावर केला.
चुलबंदीवर पूल झाला तेव्हापासून डोमा चाचेरे
डोंगा उलटा घालून त्यावर मिरच्या वाळवतो.
विचारलं, पुलावरून पहिल्यांदा चालत गेलात
तेव्हा काय वाटलं?
तो पाण्याकडे पाहत राहिला.
रेकॉर्डरवर आकडे सरकत होते.
एकोणीस सेकंद.

शेंडे सर म्हणाले, काप.
रेडिओनं गप्प बसणं म्हणजे
दुकान उघडं टाकून जेवायला जाणं.
मी चार कापले, पंधरा ठेवले.
लागलीच फोन : ‘बंद पडलं का जी तुमचं?’
दुसरा फोन डोमाच्या बायकोचा :
‘तो एवढ्यात नाई बोलत.
तुमी कापलं ना?’

शनिवारी गाणं, थेट.
दंडारवाले आले की काळजी नसते.
ढोलकी, टाळ, गिरिधर वाघाड्यांचा चोनका,
पायातले घुंगरू फरशीतूनच माईकपर्यंत येतात.
लाइट गेली तर बॅटरीवर चाळीस मिनिटं,
आणि गिरिधरभाऊ नेमके
त्याच दिवशी पद लांबवतात.

या शनिवारी पारबताबाई दोनोडे.
रोवण्याची गाणी.
खुर्चीवर बसली, पदर सारखा केला.
लाल दिवा लागला.
तोंड उघडलं. मिटलं.
‘बसून येत नाई जी गाना.’
उभी राहिली. उभ्यानंही येईना.
मग तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं,
कमरेत वाकली,
डाव्या हातात नसलेली पऱ्ह्याची पेंढी धरली,
उजव्या हाताची बोटं फरशीला टेकवली,
आणि आलं,
बांधीत पाय रुतल्यावर
टाचेभोवती पाणी येतं तसं.

सुतळीनं माईक मी स्टुलाच्या पायाला बांधला,
घोट्याएवढ्या उंचीवर.
स्वतःवर खूश झालो.
बांधीत वाढलेला मी, आणि विसरलो
की रोवणी मागं सरकत जाते.

एक ओळ, एक पाऊल मागं.
एक ओळ, एक पाऊल.
माईक तिथंच.
सुषमानं गाठ सोडली, माईक हातात घेतला
आणि उकिडवी, बदकासारखी
तिच्यामागं, म्हणजे तिच्यापुढं, सरकत निघाली.
सतरंजी संपली.
कॅलेंडरखालून, चपलांवरून,
दारातून पडवीत.
तिथं वायर ताणली गेली.

पारबताबाई थांबली नाही.
तिचा धुरा अजून लांब होता.

माझं बोट बटणावर होतं. आवाज वाढवता आला असता.
ती लहान लहान होत गेली,
मध्ये रातकिडे आले, मध्ये
पानठेल्यावरचा कोणी खाकरला,
आणि त्यांच्या मागं, दूर, तिची ओळ
खाली वाकलेली.

फोन वाजला.
‘अजी, बाई कुठं गेली?’
काय सांगावं कळेना. म्हटलं,
‘धुऱ्यापर्यंत.’
तिकडं जरा वेळ काहीच नाही.
‘मंग बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘राहू द्या.’

परत आली ती तळवे पाहत.
कोरडे होते.
‘चिखल नाई ना,’ म्हणाली,
‘म्हनून चाल लवकर सरली.’
चहा बिनसाखरेचा घेतला,
जायच्या भाड्याचे तीस रुपये मोजून घेतले.

रात्री शेंडे सरांनी खर्चाच्या वहीत लिहिलं :
उंदराचं औषध.
सुतळी एक बंडल.
वायर, लांब. किती ते
रिकामं सोडलं.